दप्तराला नवी नावे देताना

तंजावरहून दक्षिणेकडे पट्टुकोट्टैच्या रस्त्याने निघाले, म्हणजे भातशेतीतून आणि नारळीच्या बागांतून वीस-बावीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवरचे हे ठिकाण. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०२ च्या सुमारास येथे एक मोठे अन्नछत्र बांधले आणि त्याला मुक्तांबेचे नाव दिले. मुक्तांबा ही राजांची विवाहित राणी नव्हती. ती त्यांची प्रिया होती. आपल्यामागे आपल्या नावाने एखादे धर्मकृत्य व्हावे ही तिची अखेरची इच्छा होती, असे परंपरा सांगते. छत्राच्या इमारतीला दगडी घोडे आणि हत्ती असे जोडले आहेत की, हा एक रथच उभा आहे असा पाहणाऱ्याला भास व्हावा. छत्रामागोमाग गावालाही ते नाव लागले आणि राजदरबारी ओरत्तनाडुचे मुक्तांबापुरम झाले. तमिळ बोलणाऱ्या रयतेने मात्र आपले जुने नाव सोडले नाही. इंग्रज अंमलदारांनी तेच नाव कानाला जसे लागले तसे आपल्या लिपीत उतरवले; म्हणून कोठे 'ओरथनाड' तर कोठे 'ओरत्तनाड' अशी त्याची आणखी रूपे झाली. एकाच गावाची ही नावे पुढे दप्तरखान्यात किती घोटाळा करू शकतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने तंजावरचा किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडा मुलूख वगळता राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती जे थोडे राहिले त्यात ही छत्रे होती, आणि ती आपल्याकडेच राहावीत म्हणून त्यांनी मोठी कळकळ दाखवली. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. छत्रात येणाऱ्या कोणालाही, तो कोणत्याही जातीचा असो, शिजवलेला भात मिळतो. जो शिजवलेले घेत नाही त्याला शिधा मिळतो. आजाऱ्याला औषध, बाळंतिणीला आसरा आणि पोरक्या मुलाला शिक्षण मिळते, अशा आशयाचे वर्णन त्या पत्रात आहे. आता इतका व्याप म्हटला म्हणजे हिशेब आला आणि हिशेब म्हटला म्हणजे कागद आला. हा कागद मराठी भाषेत आणि मोडी लिपीत लिहिला गेला. तमिळ मुलखाच्या पोटात दीड-पावणेदोनशे वर्षे मराठी कारकून मोडी लिहीत बसले होते, याची जाणीव महाराष्ट्रात अजूनही पुरेशी नाही.

तंजावरच्या या राजदप्तराचे तेराशेहून अधिक रुमाल आजमितीस सांगितले जातात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागदांची पुडकी ज्या जाड्याभरड्या कापडात बांधतात तो रुमाल. रुमालात पुडकी, पुडक्यात कागदांचे बंद, आणि बंदाला पाठ व पोट अशा दोन बाजू. रुमालाच्या गाठीला एक चिठ्ठी अडकवलेली असते आणि तिच्यावर क्रमांक व विषय असतो. चिठ्ठी गळून पडली तर रुमाल सोडून आतले कागद वाचल्यावाचून तो कशाचा हे कळत नाही. कागद वाचायचे म्हणजे मोडी वाचणारा मनुष्य हवा, आणि तो दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. तमिळ विद्यापीठाने तंजावरच्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद खंडरूपाने प्रसिद्ध केले, हे मोठेच काम झाले. तरी संपूर्ण दप्तराच्या मानाने ते थोडेच. म्हणजे वीतभर कागदाची ती चिठ्ठी ही शेकडो पानांची एकमेव ओळख असते.

आता कल्पना करावी की, मुक्तांबाछत्राच्या अशा बारा रुमालांची छायाचित्रे घ्यावयाची आहेत. उदाहरण कल्पनेतले असले तरी छायाचित्रणाचे काम जेथे जेथे चालते तेथील माणसांना ते ओळखीचे वाटेल. चौदा हजार छायाचित्रे झाली. कॅमेरा प्रत्येक छायाचित्राला आपले नाव देतो: चार इंग्रजी अक्षरे आणि पुढे चार आकडे. हे आकडे ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. चौदा हजारांत एक फेरा पुरा होऊन दुसरा सुरू झालेला असतो. शिवाय कॅमेरे दोन असले तर एकाच नावाची तीन-चार छायाचित्रे सहज निघतात. ती एकमेकांवर पडू नयेत म्हणून माणसे त्यांना वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतात. संगणकाचे फोल्डर म्हणजे दप्तराचे कप्पेच. फरक इतकाच की, कप्प्यात कप्पा आणि त्यात पुन्हा कप्पा असे कितीही खोल जाता येते. सर्वांत वर 'ओरत्तनाडु', त्यात रुमालांचे फोल्डर, त्यांत पुडक्यांचे, आणि अगदी तळाशी छायाचित्रे. काम दोन-तीन वर्षे चालले, माणसे बदलली, आणि प्रत्येकाने आपापल्या समजुतीने नावे घातली. कोणी 'रुमाल ७' लिहिले, कोणी 'रु. ०७', कोणी 'मुक्तांबा सात'. कोणी 'नवीन', 'नवीन २' आणि 'अखेरचे' अशी नावे देऊन मोकळा झाला. सरकारी कचेरीत ज्याने एक वर्ष काढले आहे त्याला 'अखेरचे' या शब्दाची किंमत ठाऊक असते. त्याच्या मागून 'अखेरचे दुरुस्त' येतेच.

हे सारे एका पद्धतीत आणावयाचे. एका छायाचित्राचे नाव हाताने बदलण्यास एक मिनिट धरले, तरी रोज आठ तास बसून महिना लागेल, आणि महिनाभर असे काम करणारा मनुष्य चुकल्याशिवाय राहणार नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहितात. संगणकाने एकापाठोपाठ एक काय करावे याच्या लेखी आज्ञांची ही छोटी यादी असते. पायथनसारख्या भाषेत ती पंधरा-वीस ओळींत बसते आणि चौदा हजार नावे एखाद्या मिनिटात बदलते. इंग्रजीत लिपीलाही स्क्रिप्ट म्हणतात आणि या यादीलाही स्क्रिप्टच म्हणतात. मोडीच्या अभ्यासकाला हा योगायोग गमतीचा वाटेल. पण ज्या वेगाने ही यादी काम करते त्याच वेगाने ती बिघाडही करते, आणि बिघाड करताना तिचा हात अडखळत नाही.

सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक आज्ञा म्हणजे 'हा शब्द काढा आणि त्याच्या जागी तो शब्द घाला'. समजा, एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने ठरवले की गावाची नावे एकसारखी करावीत. जेथे जेथे 'मुक्तांबा' हा शब्द असेल तेथे 'ओरत्तनाडु' घालावे. आज्ञा दिली, आणि क्षणार्धात सर्व फोल्डरांतून ती अमलात आली. पण 'मुक्तांबा' हे कोठे गावाचे नाव होते, कोठे छत्राचे, आणि कोठे त्या स्त्रीचे. तिच्या नावाने झालेल्या एखाद्या दानाचा कागद आता गावाच्या कागदांत जाऊन बसला. उलट आज्ञा दिली तर तेही बरोबर नाही. छत्र बांधले जाण्यापूर्वीचा कागद ओरत्तनाडुचाच आहे. त्याला मुक्तांबापुरम म्हटले तर, जे नाव अजून जन्माला आले नव्हते ते त्याच्या कपाळी लिहिल्यासारखे होईल. गावाला नवे नाव केव्हापासून लागले, दरबारात ते किती रुळले, जुने कोठे टिकून राहिले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ज्या पुराव्यावरून ठरवावयाचे तोच पुरावा नीटनेटकेपणाच्या हौसेपायी पुसला गेला. नीडामंगलमचे यमुनांबापुरम झाले होते. तेथेही हीच गोष्ट. यंत्र अक्षरे ओळखते. बाई, धर्मशाळा आणि गाव यांतला भेद त्याला कळत नाही. तो कळणाऱ्या माणसाने आधी यादी पाहिली पाहिजे.

ही यादी पाहण्याची सोय स्क्रिप्टमध्येच करता येते, आणि ती न करता स्क्रिप्ट चालवणे हे खर्डा न करता पक्का हुकूम काढण्यासारखे आहे. पहिल्या फेरीत स्क्रिप्टने कशालाही हात लावू नये. तिने प्रत्येक कप्प्यात उतरावे, प्रत्येक छायाचित्राचे आजचे नाव आणि होऊ घातलेले नाव समोरासमोर लिहावे, आणि थांबावे. हा झाला खर्डा. तो डोळ्यांखालून घातल्यावर पहिल्या शंभर ओळींतच निम्मे प्रमाद दिसतात. उरलेल्या प्रमादांपैकी एक जात अशी आहे की ती यंत्रानेच शोधावी: नव्या नावांच्या स्तंभात एकच नाव दोनदा आले आहे काय? आले असेल तर काम तेथेच थांबवावे.

या दोनदा आलेल्या नावाची एवढी भीती का, हे समजण्यासाठी संगणकात नाव कोठे राहते ते पाहिले पाहिजे. लोकांची समजूत अशी की, जसे वहीच्या पुठ्ठ्यावर नाव लिहितात तसे फाइलीचे नाव फाइलीवर असते. वस्तुतः तसे नाही. नाव असते ते कप्प्याच्या नोंदवहीत. अमक्या नावाचा माल तमक्या जागी आहे, एवढीच ती नोंद. फाइलीला आपले नाव ठाऊक नसते. म्हणून नाव बदलले तरी फाइलीच्या आत तिळभर फरक पडत नाही, आणि पूर्वीच्या नावाची खूणही उरत नाही. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांवर नाव बदलण्याची जी रूढ आज्ञा आहे तिचा मूळ अर्थच 'हलवणे' असा आहे. एका नोंदीतून काढून दुसऱ्या नोंदीत घालणे. आता दुसऱ्या नोंदीच्या जागी आधीच कोणी असेल तर? विंडोजवर पायथनची नाव बदलण्याची आज्ञा अशा वेळी नकार देते. युनिक्सच्या घराण्यात तीच आज्ञा आधीच्या फाइलीची नोंद निमूटपणे पुसते आणि नवी नोंद तिच्या जागी करते. कोणतीही तक्रार होत नाही, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. चौदा हजारांपैकी दोनशे छायाचित्रे अशी नाहीशी झाली, तर ती मोजल्याशिवाय कळत नाही; आणि दोन वर्षांनी कोणी मोजली, तोवर मूळ कागदाचा तुकडा पडलेला असायचा.

क्रमांक एकेकाने पुढे सरकवताना हा अपघात हटकून होतो. पुडक्याच्या आरंभी एक बंद राहून गेला होता असे ध्यानात आले. म्हणून पहिल्याचे दुसरे, दुसऱ्याचे तिसरे असे करावयाचे. पहिल्याला 'दुसरे' हे नाव देताच खरे दुसरे गेले. खाजगीत बसलेल्या कारकुनांना एकेक खुर्ची पुढे सरकवायची असेल तर शेवटच्यापासून उठवावे लागते, तसेच येथे करावे. त्याहून निर्धोक मार्ग दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत सर्वांना अशी तात्पुरती नावे द्यावीत की जी दुसऱ्या कशाशीही जुळणार नाहीत. दुसऱ्या फेरीत त्यांना खरी नावे द्यावीत.

कप्प्यात कप्पा असल्यामुळे आणखी एक पेच येतो. स्क्रिप्टने आरंभीच सर्व पत्ते लिहून घेतले आणि मग वरच्या फोल्डराचे नाव आधी बदलले, तर त्याच्या पोटातल्या हजारो फाइलींचे पत्ते एकदम खोटे ठरतात. आळीचे नाव बदलले आणि टपालवाल्याच्या हातात जुनी पत्रे राहिली, तशी ही गत. म्हणून तळापासून वर यावे: आधी छायाचित्रे, मग पुडके, मग रुमाल, आणि सर्वांत शेवटी वरचे फोल्डर. फोल्डरांतून फिरणारी पायथनची जी ठरीव सोय आहे तिला 'वरून खाली नको' एवढे सांगितले की ती हा क्रम पाळते. युनिक्सच्या 'फाइंड' या आज्ञेलाही खोलातले आधी घेण्याची सूचना देता येते. एका शब्दाची सूचना, पण ती विसरल्यामुळे अर्धे काम नव्या नावांचे आणि अर्धे जुन्या नावांचे अशी विचित्र अवस्था होते. अशा अवस्थेपेक्षा मूळचा गोंधळ परवडला.

नाव कसे असावे याविषयीही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. संगणक नावांची रांग लावताना अक्षरामागून अक्षर पाहतो. त्याच्या लेखी १० हे २ च्या आधी येते, कारण एकाचा आकडा दोनाच्या आधी आहे. म्हणून आकडे सारख्या लांबीचे करून मागे शून्ये लावावी लागतात: ००२, ०१०, १००. रुमाल तेराशेच्या वर असतील तर चार आकड्यांची जागा पहिल्या दिवसापासून ठेवावी. पुढे जागा अपुरी पडली की पुन्हा सर्व नावे बदलणे आले. नागरी आकडे घ्यावेत की इंग्रजी, हा वाद येथे नको. पण काय ते एकच घ्यावे. यंत्राच्या दृष्टीने नागरी सात आणि इंग्रजी सात ही दोन निराळी चिन्हे आहेत आणि ती रांगेत एकमेकांपासून फार दूर बसतात.

मराठी अक्षरांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. 'कारभाऱ्याचे पत्र' या नावातला 'ऱ' हा युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, आणि साध्या 'र'ला खाली टिंब जोडूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच; यंत्राला ती दोन नावे. काही यंत्रे नाव साठवताना स्वतःच अक्षर फोडून ठेवीत असत. मॅकची जुनी फाइलपद्धती तसे करी. तेथून नावे दुसरीकडे नेली की एकाच कागदाच्या दोन नोंदी दिसू लागतात. स्क्रिप्टने तुलना करण्यापूर्वी सर्व नावे एका रूपात आणावीत, हा त्यावरचा उपाय. त्याची तयार सोय पायथनमध्ये आहे. तरीही 'ऱ्या' लिहिण्याची जी तिसरी रीत आहे, म्हणजे 'र'ला हलन्त करून त्यापुढे न दिसणारा जोडणीचा संकेत घालण्याची, ती या सोयीने जुळत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. मराठी नावांवर काम करणाऱ्याने ही ओळ विसरू नये. परक्या देशात लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत ती सापडणार नाही.

मग नावात काय घालावे? पुष्कळांना वाटते की नाव जितके बोलके तितके चांगले. गाव, साल, विषय, लिहिणारा, सर्व काही नावात असावे. हे मत आकर्षक असले तरी दप्तराच्या कामी ते टिकत नाही. साल घ्या. मराठी दप्तरातल्या कागदांवर पुष्कळदा शुहूर सन असतो आणि तोही अरबी संख्याशब्दांत. 'सलास मयातैन व अलफ' म्हणजे तीन, दोनशे आणि एक हजार. शुहूर सन १२०३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८०२ येतो, पण हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे पुढील इसवी वर्षाचे पाच महिने त्यातच येतात, आणि त्यांच्यासाठी ६०० मिळवावे लागतात. महिना वाचता आला नाही तर १८०२ की १८०३ हे सांगता येत नाही. आज एकाने १८०२ लिहिले, उद्या अधिक जाणत्याने १८०३ ठरवले, की नाव बदलणे आले. नाव बदलले की ज्या ज्या ग्रंथात जुन्या नावाने उल्लेख झाला तो प्रत्येक उल्लेख लटका पडला. म्हणून नावात एवढेच असावे जे वादापलीकडचे आहे: हा कागद कोणत्या रुमालातला, कोणत्या पुडक्यातला, कितवा, आणि पाठ की पोट. साल, गाव, विषय हे सूचीत लिहावे. सूचीतली ओळ शंभर वेळा सुधारली तरी कागदाचा पत्ता ढळत नाही. आणि मुक्तांबापुरम की ओरत्तनाडु हा प्रश्नही सूचीत सुटतो, कारण तेथे दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिता येतात.

पत्ता बदलणे अगदीच अटळ असेल तर ते कसे करावे, याचा धडा तंजावरलाच मिळतो. सरस्वती महालातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची तंजावरला न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी तयार केली. ती १८८० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. युरोपातल्या आणि भारतातल्या विद्वानांनी पन्नास वर्षे बर्नेलच्या क्रमांकांनी हस्तलिखितांचे उल्लेख केले. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांना खुले झाले. जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा घराण्यांचे संग्रह त्यात येऊन मिळाले. प्रत्येक संग्रहाचा आपला 'क्रमांक एक' असणारच. सगळे एका ओळीत आणायचे म्हणजे नवे क्रमांक हवेत. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांच्या देखरेखीखाली वर्णनात्मक सूचीचे एकोणीस खंड १९२८ ते १९३४ या काळात निघाले आणि हस्तलिखितांना नवे क्रमांक मिळाले. पण नव्या नोंदीत बर्नेलचा जुना क्रमांक देण्याची दक्षता त्यांनी घेतली. त्यामुळे १८९० सालच्या एखाद्या जर्मन ग्रंथातली तळटीप घेऊन आजही कोणी तंजावरला गेला, तर ते पान त्याच्या हाती पडू शकते. संगणकाचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा हे घडले. सरफोजीराजांचे ग्रंथवैभव सर्वांना ठाऊक आहे. पण जुना क्रमांक नव्याशेजारी लिहून ठेवणाऱ्या त्या पंडितांचे ऋण क्वचितच कोणी उच्चारतो.

स्क्रिप्टलाही हेच करावयास सांगावे. प्रत्येक नाव बदलण्यापूर्वी, बदलल्यानंतर नव्हे, तिने जुने नाव, नवे नाव आणि वेळ अशी एक ओळ एका वहीत लिहावी. ही तिची रोजकीर्द. मध्येच वीज गेली तर काम कोठवर आले होते ते रोजकीर्दीवरून कळते, आणि सर्व काही पूर्वस्थितीवर आणावयाचे झाल्यास तीच वही शेवटून आरंभाकडे वाचत उलटे नामकरण करता येते. त्याच ओळीत छायाचित्राच्या आशयावरून काढलेला एक ताळा लिहून ठेवावा. शा-२५६ नावाची रीत फाइलीच्या प्रत्येक कणावरून चौसष्ट चिन्हांची एक मुद्रा बनवते. आत कणभर बदलले तरी मुद्रा बदलते, नाव बदलल्याने मात्र ती बदलत नाही. काम संपल्यावर फाइलींची संख्या पूर्वीइतकीच आहे काय आणि प्रत्येक मुद्रा आपल्या जागी आहे काय, एवढे पाहिले की खतावणी जुळली असे समजावे. जुळली नाही, तर छायाचित्राच्या पोटात कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख व वेळ कधी कधी कामास येते; पण तो शेवटचा आधार आहे, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ लावायचे राहून गेले असेल तर तोही नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. स्क्रिप्ट दोनदा चालवली गेली तर काय होईल याचा विचार आधीच करून ठेवावा. प्रत्येक नावामागे 'रुमाल' जोडणारी स्क्रिप्ट दुसऱ्या वेळी 'रुमाल-रुमाल' करून ठेवते. आधीच योग्य असलेल्या नावाला हात लावायचा नाही, ही अट तिला घालावी. कचेरीत सोमवारी एकाने केलेले काम मंगळवारी दुसऱ्याने पुन्हा करणे ही काही दुर्मिळ घटना नाही.

पहिला प्रयोग मूळ छायाचित्रांवर करूच नये. एका रुमालाची प्रत काढून तीवर करावा, आणि तो रुमाल सर्वांत अव्यवस्थित नावांचा निवडावा. सर्व काही ठीक झाल्यावर जुन्या-नव्या नावांची ती पूर्ण यादी छायाचित्रांच्याच वरच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवावी, म्हणजे वीस वर्षांनी कोणतेही यंत्र ती उघडू शकेल. आणि तिची एक प्रत चांगल्या कागदावर छापून, ज्या रुमालाची ती आहे त्याच रुमालात, वरच्या पुडक्याला लागून बांधून टाकावी.